आईच्या वर्षस्मरणाला सगळे रडले

एलिझाबेथबाईंच्या मातीला थोरला इमॅन्युएल रडला नव्हता, ही गोष्ट मंडळीतल्या बायकांना वर्षभर पुरली होती. आईचा लाडका, आणि कबरीवर माती लोटताना डोळे ठणठणीत कोरडे. उलट बाजूला जाऊन फोनवर कुणाला तरी 'पोचले का सगळे' म्हणून विचारत होता. त्यामुळे आज वर्षस्मरणाच्या उपासनेत पहिल्या गीताचं दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत त्याच्या गालांवरून धारा लागल्या, तेव्हा मांडवात समाधानाची एक लाट फिरली. उशिरा का होईना, पोरगं फुटलं.

मग पाळकसाहेबांचे डोळे भरले. मग पेटीवाल्याचे. प्रार्थनेपर्यंत सव्वाशे माणसं पदर, रुमाल, टॉवेल, जे हाताला लागेल त्यात तोंड घालून बसली होती. शेवटच्या रांगेत शेजारच्या मळ्यातले कानिफनाथ टोपीनं डोळे पुसत होते. "बाईनं लई जीव लावला हुता समद्यांला," ते जवळच्या माणसाला म्हणाले. बांधाच्या भांडणावरून त्यांचं आणि एलिझाबेथबाईंचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

पाळकसाहेबांनी संदेश आवरता घेतला. तीस वर्षांच्या सेवेत एवढी कळवळलेली सभा आपण पाहिली नाही, असं ते हुंदका गिळत म्हणाले आणि खोकायला लागले.

एलिझाबेथबाईंची मुलगी एस्तेरही रडत होती. पण ती नगरच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करायची, आणि नऊ वर्षं माणसांचं रक्त-लघवी तपासल्यामुळे कुठल्याही पाण्याकडं जरा संशयानंच बघायची सवय तिला लागली होती. नाकाच्या मुळाशी सुई टोचल्यासारखं होत होतं. घशात काटा होता. शिवाय दुःखाला दिशा नसते, आणि याला होती. हे उत्तरेकडून येत होतं.

उत्तरेला शेड होतं.

झालं होतं असं. वस्तीवर पाहुणे येणार म्हटल्यावर घराला चुना लावायचा, ही पाटोळ्यांची पाच पिढ्यांची रीत. ख्रिस्तजन्माला लावायचा, लग्नाला लावायचा, बिशप येणार असले तर दोन हात. इमॅन्युएलनं यंदा घराबरोबर शेडचाही विचार केला. पाच हजार ब्रॉयलर पक्षी छत्तीस दिवसांचे झाले होते, खालचं भाताचं तूस विष्ठेनं काळं पडलं होतं, वास तर विचारू नका. तेव्हा काल दुपारी त्यानं भीमा गड्याला सांगून धूळ बसावी म्हणून तुसावर पाणी मारलं, वास मरावा म्हणून वर आठ पोती चुना पसरला आणि पाहुण्यांना त्रास नको म्हणून रात्रभर चारी बाजूंचे पडदे पाडून ठेवले. सकाळी अकराला पक्षी धापा टाकायला लागले. भीमानं घाबरून सगळे पडदे एकदम वर ओढले. मांडवात तेव्हा पहिलं गीत सुरू होतं.

नवसागर आणि ओला चुना एकत्र केला की अमोनिया निघतो, हा नववीच्या पुस्तकातला प्रयोग. मिशनच्या हायस्कुलात कृपादान पाटोळे सरांनी तो एकतीस वर्षं करून दाखवला. परीक्षानळी पहिल्या बाकावरच्या पोराच्या नाकाखाली धरायची आणि म्हणायचं, हुंग, आयुष्यभर विसरणार नाहीस. विष्ठा आणि चुना यांचंही तेच. त्यांनी परीक्षानळीत केलेला प्रयोग आज त्यांच्या थोरल्या मुलानं तीस बाय दोनशे फुटांत केला होता. विज्ञानात सरांनी या मुलाला नववीला दोनदा नापास केलेलं होतं, एकदा दोन मार्कांनी आणि एकदा एका.

सर, म्हणजे अप्पा, पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्या मांडवात तेवढे एकच रडत नव्हते. छातीचा पंप वरच्या खिशात, गीतांचं पुस्तक मांडीवर, आणि मान वळवून रडणाऱ्या माणसांकडं असे बघत होते, जणू परीक्षेत सगळ्या वर्गात एकच चिठ्ठी फिरलेली असावी. त्यांचं नाक या वासाला केव्हाच सरावलं होतं. छाती सरावली नव्हती. छातीच्या डॉक्टरांनी मागच्या महिन्यात एस्तेरला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषध मी बदलेन, हवा तुम्ही बदला, नाहीतर पुढचा हिवाळा अवघड आहे.

आणि हवा बदलणारच होती, पण दुसऱ्या अंगानं. अप्पांच्या खोलीच्या उत्तरेला तीस फुटांवर पहिलं शेड. दुसरं शेड दक्षिणेच्या अंगणात व्हायचं होतं. इमॅन्युएलनं खांबांचे खड्डे दिवाळीतच घेऊन ठेवले होते. आज मंडपवाल्याला ते आयते मिळाले, त्यानं त्यातच बांबू रोवले. म्हणजे आईची उपासना अजून न बांधलेल्या शेडात चालली होती आणि पाळकसाहेब साधारण खाद्याची भांडी येतील तिथं उभे होते. जमीन अप्पांच्या नावावर. त्यांच्या संमतीपत्राशिवाय काही हलत नव्हतं. ते संमतीपत्र घेऊन पक्षी पुरवणाऱ्या कंपनीचा सुपरवायझर राधाकृष्ण सकाळपासून आला होता, आणि जेवणं झाली की सही व्हायची होती. अप्पा वस्ती सोडून नगरला यायला तयार नव्हते, कारण कबर इथं. तेव्हा ती सही होऊ द्यायची नाही, एवढ्याच कामासाठी एस्तेर आली होती.

ती एकटी नव्हती, निदान सकाळपर्यंत तरी. धाकट्या जॉननं फोनवर सांगितलं होतं, "ताई, मी तुझ्याबरोबर शंभर टक्के." आणि इमॅन्युएलच्या बायकोनं, जास्मिनवहिनीनं, सकाळी कांदे चिरताना आपणहून विषय काढला होता. माझ्या पण घशाला बारा महिने खरखर असती, जेवणं झाली की मीच बोलते सगळ्यांसमोर, घरच्या सुनेनं बोललेलं निराळं असतं, असं ती म्हणाली होती. कांद्यानं तिचे डोळे वाहत होते. ते बिचारे सरळ अश्रू होते.

उपासना संपली, पंगत बसली, तशी एस्तेर स्वयंपाकघरात गेली. वहिनी भाताच्या पातेल्यापाशी पाठमोरी उभी होती.

"ताई, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," तिनं वळायच्या आधीच सांगितलं. "आज न्हाई."

एस्तेरनं विचारलं, सकाळपासून असं काय झालं.

"तुमी बघितलं न्हाई का त्यांना? सोळा वर्सं झाली लग्नाला. माझा बाप गेला तवा जामखेडला आले, पाटावर बसून जेवले, डोळा वला न्हाई. आज कसे रडत हुते."

"वहिनी, तो चुना होता."

"मला ठावं हाय चुना हुता." वहिनीनं भातावरचं झाकण सारखं केलं. "पर रडले तर हायेत न्हवं? त्यातलं आर्धं तरी आईचं आसंल. आशा मानसाला आजच्या दिवशी मी समद्यांसमोर न्हाई पाडनार."

यावर लॅबमध्ये काही तपासणी नसते. एस्तेर बाहेर आली. जॉन राधाकृष्णासाठी सावलीत खुर्ची लावत होता. पुण्याची नोकरी त्यानं दिवाळीतच सोडली होती, हे तिला आत्ता कळलं. दुसरं शेड त्याच्या नावानं होणार होतं, हे त्याहून आत्ता.

तिनं विचारलं, शंभरातले किती टक्के उरले.

"ताई," जॉन खुर्चीचा पाय खड्ड्यातून काढत म्हणाला, "पुण्यात तरी कुठं हवा हाय?"

अप्पांना पंगतीतून उठवून त्यांच्या खोलीत आडवं करायचं म्हणून तिनं हात दिला, पण ते मांडवातच बसतो म्हणाले. गीतांचं पुस्तक तेवढं आत ठेवायला दिलं. खोली पाच पावलांवर. पलंग, आईचा रिकामा पलंग, मधे शेडकडं उघडणारी खिडकी. पुस्तक टेबलावर ठेवताना त्यातून एक कागदाची पट्टी खाली पडली, बोटाएवढी, फिकट तांबडी. खूण म्हणून घातली असेल. तिनं उचलली. डोळे पुसून पुसून बोटं ओली होती. पट्टीवर अंगठा होता तिथं हळूहळू निळा ठसा उमटला.

एस्तेर खाली बसली. तीही त्याच वर्गात शिकली होती, आणि ती पास झाली होती.

तिनं पुस्तक उघडलं. प्रत्येक गीताच्या बाजूला, कोऱ्या जागेत, अप्पांच्या बारीक पेन्सिलीत तारीख होती, तारखेखाली एक आकडा, आकड्याखाली 'नि' किंवा 'ला'. आकडा एकपासून चाळीसपर्यंत चढायचा, मग पंधरा दिवस शून्य, मग परत एक. पक्ष्यांचं वय होतं ते. पहिला आठवडाभर 'ला', पुढं नुसतं 'नि, नि, नि'. शून्याच्या दिवसांत मात्र रोज 'ला', आणि त्या दिवसांत एकेका तारखेला दोन-दोन, तीन-तीन गीतं. तीन वर्षांचं टिपण होतं. ती पानं उलटत मागच्या जानेवारीवर आली. एक्केचाळीस, नि. बेचाळीस, नि. त्रेचाळीस, नि. चव्वेचाळीसच्या बाजूला गीत नव्हतं, नुसता आकडा पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिला होता.

चाळिसाव्या दिवशी गाडी यायची आणि पक्षी भरून न्यायची, हा नियम. मागच्या जानेवारीत कोंबडीचा भाव पडला, कंपनीनं गाडी पुढं ढकलली. चव्वेचाळिसाव्या दिवशी आई गेली, आणि गाडी आली ती मातीच्या दिवशी. भरून निघालेली पक्ष्यांची गाडी आणि नगरहून शवपेटी घेऊन येणारा टेम्पो पाणंदीत समोरासमोर आले होते, आणि मागं कुणी घ्यायचं यावर पाच मिनिटं चर्चा झाली होती. गाडीत माल जिवंत होता, म्हणून टेम्पोनं मागं घेतलं.

तीनच्या सुमारास पाहुणे पांगले. कानिफनाथ जाताना इमॅन्युएलचा हात हातात धरून उभे राहिले आणि अकरा वर्षांचं भांडण त्यांच्या बाजूनं मिटवून गेले. मांडवात घरची माणसं राहिली. राधाकृष्ण तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढून बसला होता. त्यानं संमतीपत्र टेबलावर ठेवलं आणि कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं.

एस्तेरनं त्या कागदावर गीतांचं पुस्तक ठेवलं.

"अप्पा, हे काय आहे?"

अप्पांनी पट्टीकडं बघितलं. तिच्या अंगठ्याचा निळा ठसा आता पुसट झाला होता.

"लिटमस," ते म्हणाले. त्यांचं बोलणं आता दोन-दोन शब्दांनी यायचं, मधे श्वास. "निवृत्तीला शाळेनं सहा डब्या दिल्या. आणि शाल."

मग त्यांनी सगळं सांगितलं, फळ्यावर आकृती काढल्यासारखं, कुणाकडं न बघता. रोज संध्याकाळी ते आणि एलिझाबेथ एक गीत म्हणायचे. मग ती पट्टी जिभेला लावून ओली करायची, ते खिडकीत धरायचे. अमोनिया असला की निळी होते. वाळली की पुन्हा लाल. पुरावा राहत नाही, म्हणून लिहावं लागतं. ती गेल्यावरही ते लिहीत राहिले. शून्याच्या दिवसांत ती चांगली असायची, पहिल्या आवाजात गायची. गाडी कधी येणार, एवढंच विचारायची.

इमॅन्युएल पुस्तकावर वाकून तो मागच्या पानावरचा आकडा बघत होता. चव्वेचाळीस म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. पक्ष्यांचे दिवस त्याच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

"मला का न्हाई सांगितलं?" त्यानं विचारलं. डोळे अजून वाहत होते आणि आता ते कशानं, हे सांगणं कठीण होतं.

"ती नको म्हणाली."

"का?"

अप्पांनी पंप काढला, दोनदा ओढला, परत खिशात ठेवला. "शेळ्या झाल्या. मोबाईलचं दुकान झालं. दोन्ही बुडालं. ती म्हणाली, तुम्ही त्याला दोनदा नापास केलंय. तिसऱ्यांदा करू नका."

जास्मिनवहिनीनं पदराचं टोक तोंडात धरलं. मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडलं. पलीकडं पाच हजार पक्षी एकदम ओरडले आणि एकदम गप्प झाले. मी नंतर येतो म्हणत राधाकृष्ण उठायला लागला, पण अप्पांनी त्याला हातानं बसवलं. वर्गातून घंटा झाल्याशिवाय कुणी जात नाही.

त्यांनी पुस्तकातून एक कोरी पट्टी काढली आणि इमॅन्युएलपुढं धरली.

"ओली कर."

चाळिशी ओलांडलेल्या, मंडळीच्या पंच कमिटीवर असलेल्या माणसानं बापासमोर जीभ बाहेर काढली. पट्टी लावली.

"धर वर. आणि रंग सांग. तू जो सांगशील, तो मी धरतो. तांबडा असला, तर सही करतो."

पट्टी हवेत उभी होती. एस्तेरला वाटलं होतं वेळ लागेल. वेळ अजिबात लागला नाही. टोकापासून निळं चढत आलं, शाळेतल्या दौतीतल्या शाईसारखं, आणि दोन बोटं उरली तिथंही पसरलं. ते सगळ्यांना दिसलं. जॉन खड्ड्यात बघायला लागला. राधाकृष्ण फोनमध्ये बघायला लागला. वहिनीनं एस्तेरकडं बघितलं, तोंड उघडलं, नवऱ्याच्या ओल्या गालांकडं बघितलं आणि मिटलं.

"दादा," एस्तेर म्हणाली. "बघ नीट."

तो नीटच बघत होता. आठ खड्डे, बांबू, धाकटा भाऊ, बायको, बाप, आणि हातातला तो चिंधीएवढा कागद. त्यानं एकदा कबरीच्या दिशेनं मान वळवली, तिकडं कडुनिंबाशिवाय काही दिसत नव्हतं.

"लाल," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"लाल हाय, अप्पा."

"बरं."

अप्पांनी गीतांचं पुस्तक बाजूला सरकवलं, राधाकृष्णाकडून पेन घेतलं आणि सही केली. कृपादान दा. पाटोळे, शेवटी टिंब, टिंबाखाली तारीख. अक्षर फळ्यावरचंच होतं. एस्तेरनं त्यांचं मनगट धरायला हात पुढं केला होता, तो टेबलावरच राहिला.

"अप्पा, चुकीच्या उत्तराला तुम्ही कधी मार्क दिले नाहीत."

"नाही दिले," अप्पा म्हणाले. "दोन पाहिजे होते त्याला एकदा. एकदा एकच. तुझी आई सोळा दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

त्यांनी इमॅन्युएलच्या बोटांतून पट्टी काढून घेतली. पेन्सिल शोधली. पुस्तकात आज गायलेलं पहिलं गीत काढलं, बाजूला तारीख घातली, खाली छत्तीस. मग शब्द दिला होता म्हणून, तीन वर्षांत पहिल्यांदाच, भरल्या शेडच्या छत्तिसाव्या दिवशी त्यांनी 'ला' लिहिलं.

एस्तेरनं विचारलं, आता तरी नगरला चलाल का. अप्पा म्हणाले, पक्ष्यांची गाडी आली की बघू. आईही तेच म्हणायची.

वहिनीनं चहा आणला. सगळ्यांनी घेतला, राधाकृष्णानं दोनदा. निळी पट्टी पुस्तकाच्या उघड्या पानावर, उन्हाच्या कवडशात पडली होती, आणि एस्तेर तिच्यावरची नजर काढत नव्हती. कडा आधी जांभळ्या झाल्या. मग मधला भाग. कपबशा गोळा होईपर्यंत कागद पुरता वाळला, आणि इमॅन्युएलचं उत्तर बरोबर आलं.